शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन ऑनलाइन भरवायचंय? आधी एसटी स्टँडवर उघडून बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "शेवटच्या वर्षाला ३२ विद्यार्थी आहेत, चित्रकला आणि उपयोजित कला मिळून. नागपूरला दालन घ्यायचं तर भाडं, टेम्पो, फ्रेमिंग, मुलांचं राहणं-जेवण, काहीच झेपत नाही. म्हणून यंदा ऑनलाइन भरवायचं ठरलंय. एक जण थ्रीडी व्हर्च्युअल गॅलरी करून देतो म्हणतो, ४५ हजार सांगितलेत. घ्यावी का? नसेल घ्यायची तर सुरुवात कुठून करावी? आणि एका मुलीचं काम पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या काड्यांचं होतं, शेतात उभं केलेलं. ते आता उरलंच नाही. तिचं काय दाखवायचं?"

सर, थ्रीडी गॅलरी घेऊ नका. त्यातल्या पाच-सहा हजारांत याहून बरं काम होईल. अशी एखादी गॅलरी स्वतःच्या फोनवर उघडून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पांढऱ्या भिंतींचं, चकचकीत फरशीचं एक खोटं दालन असतं. चित्र दिसायच्या आधी त्या भिंती आणि ती फरशी फोनमध्ये उतरावी लागते. मग बोटानं सरकत सरकत चित्रापाशी जायचं; मध्येच बोट घसरलं की नजर छताला. चित्र दिसतं पोस्टाच्या तिकिटाएवढं. साध्या तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर तर चित्र येण्याआधी फोन तापतो. शिवाय एकट्या विद्यार्थ्याच्या कामाची लिंक त्यातून सहसा काढता येत नाही, आणि आपलं सगळं गणित त्या लिंकवरच आहे. दालनाला भिंती असतात कारण चित्र टांगायला खिळा ठोकावा लागतो. इथं खिळाच नाही, तर भिंत कशाला रंगवायची?

२०२० साली टाळेबंदीत जगभरातल्या कलाशाळांवर ही वेळ आली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टनं त्या वर्षीचं पदवी प्रदर्शन ऑनलाइनच केलं, आणि पाया साधा ठेवला: प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं एक पान. त्यांच्याकडचा पैसा आणि माणूसबळ आपल्याकडे नाही, पण हा पाया आपल्यालाही पेलतो.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. त्याच वर्षी एका महाविद्यालयासाठी मी पहिलं ऑनलाइन प्रदर्शन केलं. मुख्य पानावर जीव ओतला होता. वर व्हिडिओ, त्यावर अक्षरं हळूहळू उमटणारी, मागं बासरी. उद्घाटनाच्या संध्याकाळी राळेगाव तालुक्यातल्या एका गावाहून एका मुलीच्या वडलांचा फोन आला. घरी रेंज नव्हती म्हणून ते सायकल काढून एसटी स्टँडवर आले होते, पोरीचं काम बघायला. म्हणाले, "सर, पांढरंच दिसून रायलं, काईच नाही." पंधरा मिनिटं ते तिथं उभे होते. माझ्या व्हिडिओनं त्यांचा डेटा खाल्ला आणि पोरीचं चित्र काही दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात भेटींचे आकडे बघितले तर बहुतेक सगळी माणसं मुख्य पानावर गेलीच नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून ती थेट कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या पानावर उतरली होती, आणि त्या पानावर ना महाविद्यालयाचं नाव, ना वर्ष, ना पुढं कुठं जायचं ते. घराचा दरवाजा नक्षीदार केला आणि लोक सगळे मागच्या दारानं आले, असं झालं.

तेव्हापासून मी कामाचा क्रम उलटा धरतो. आधी विद्यार्थ्याचं पान, मुख्य पान सगळ्यात शेवटी. ते पान दोन माणसं बघणार आहेत. एक, पुण्या-मुंबईत नोकरीला माणूस शोधणारा, जो अर्ध्या मिनिटात निर्णय करतो. दुसरा, गावातला बाप, मामा, शेजारी, जो तेच पान दहादा उघडतो आणि दुसऱ्याला दाखवतो. दोघांकडेही फोनच असतो. पहिल्याला कामाचा दर्जा लगेच कळला पाहिजे, दुसऱ्याला नाव आणि गाव ठळक दिसलं पाहिजे. एकाच पानात दोन्ही जमतं.

पानावर वरून खाली काय असावं? सगळ्यात वर एकच चित्र, सर्वांत चांगलं. फिरती पट्टी नको; ती फिरेपर्यंत कुणी थांबत नाही. चित्राखाली लगेच विद्यार्थ्याचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतही, कारण नोकरी देणारा रोमनमध्येच शोधणार. मग गाव, शाखा, वर्ष, महाविद्यालय. मग त्या कामाचं नाव, माध्यम, मोजमाप. मोजमापाला आपल्याकडे कुणी किंमत देत नाही, पण पडद्यावर पाच फुटांचा कॅनव्हास आणि पोस्टकार्ड सारखंच दिसतं. म्हणून आकडा तर द्याच, आणि मोठ्या कामाचा आणखी एक फोटो असा घ्या की शेजारी वर्गातली लाकडी खुर्ची असेल. खुर्ची केवढी असते ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर आणखी चार कामं, फार तर पाच. मुलं म्हणतील पंधरा टाकतो. नाही म्हणा. पंधरा कामांत पाच कच्ची असतात आणि बघणाऱ्याच्या लक्षात तीच राहतात.

उपयोजित कलेच्या मुलांना एक वेगळी गोष्ट सांगा. पोस्टर, वेष्टन, बोधचिन्ह ज्या जागी वापरायचं त्या जागी दाखवा. मागं एका मुलानं झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं नव्यानं केली होती. भाताची कापणी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांमधून ही नाटकं रात्रभर चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या धंद्याचं गाव, कंपन्यांची कार्यालयं तिथंच. पोट्ट्यानं अभ्यास पक्का केला होता. अक्षरं अशी काढली होती की धुळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याला कंपनीचं नाव एका नजरेत वाचता यावं. आणि दाखवलं काय? फुकट मिळणारी एक मॉकअप फाइल (तयार फोटो, ज्यात आपलं काम बसवता येतं) घेऊन ते पोस्टर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकात चिकटवलेलं! मी त्याला म्हटलं, बाबू, तिथं कोण उतरणार आहे हे नाटक बघायला? मग त्यानं खऱ्या आकारात एक प्रत छापली, पानठेल्याशेजारच्या भिंतीवर डकवली, संध्याकाळच्या उजेडात फोटो काढला. मागं एक म्हातारा बिडी ओढत पोस्टर वाचतोय. शंभर मॉकअपवर तो एक फोटो भारी पडला.

आता फोटो. माझ्या मते निम्मं प्रदर्शन इथंच जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून इथं जरा थांबतो. भारी कॅमेरा लागत नाही. वर्गातल्या कुणाचा बरा फोन पुरतो. पण सगळ्यांची कामं एकाच फोनवर, एकाच जागी, एकाच माणसानं काढावीत. प्रत्येकानं आपापल्या घरी काढले तर ३२ जणांचे ३२ पांढरे होतात. जागा म्हणजे महाविद्यालयाचा उत्तरेकडचा व्हरांडा. वेळ सकाळी आठ ते दहा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दहानंतरचं ऊन असं की सावलीतसुद्धा समोरच्या अंगणाचा रंग चित्रावर चढतो. पहिल्या वर्षी एक मुलगी सारखी विचारायची, "काहून सर, पांढरा कागद पिवळाच येऊन रायला?" फोनमध्ये दोष शोधून झाला, सेटिंग बदलून झाली. शेवटी मागं वळून बघितलं तर चित्रासमोरची भिंत पिवळ्या डिस्टेंपरची, नुकतीच रंगवलेली. चित्राची जागा सहा फूट सरकवली आणि कागद पांढरा झाला. निळी ताडपत्री, लाल मुरूम, अंगातला भगवा शर्ट, सगळं चित्रावर उतरतं. फोटो काढणाऱ्यानं पांढरा किंवा करडा शर्ट घालावा, हे मी गमतीनं म्हणत नाही.

चित्र भिंतीला टेकवून तिरकं ठेवू नका. सरळ उभं करा आणि फोनची भिंग चित्राच्या बरोबर मध्यावर येईल एवढ्या उंचीवर धरा, तिवईवर असेल तर उत्तम. अगदी जवळ जाऊन काढलं की चौकटीच्या कडा पोट काढतात. म्हणून सात-आठ फूट मागं सरका आणि फोनला दुप्पट झूमची वेगळी भिंग असेल तर ती वापरा. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू ठेवा. काच असेल तर फोटोआधी फ्रेम उघडा. काचेतल्या प्रतिबिंबात काढणाऱ्याचं डोकं दिसणार म्हणजे दिसणारच. तेलरंग चकाकत असेल तर चित्र थोडं फिरवून बघा. पहिल्या फोटोत चित्राशेजारी एक साधा पांढरा कागद धरा; नंतर रंग सारखे करताना तोच कागद आधाराला येतो. फोनची भिंग सुती कपड्यानं पुसा. हे एवढं साधं आहे की कुणी करत नाही, आणि सगळे फोटो धुक्यातले येतात.

मातीकाम, शिल्प, भद्रावतीकडच्या मुलांची भांडी यांच्यासाठी मांजरपाट आणा. कापडाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. चार-पाच मीटर घ्या, कडक इस्त्री करा, टेबलावरून मागच्या भिंतीपर्यंत वळण देऊन सोडा, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. पोत दाखवायचा असेल तर उजेड एका बाजूनंच येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पुठ्ठा उभा करा. प्रत्येक वस्तूचा एक फोटो हातात धरलेला घ्या. भांडं हातात असलं की ते केवढं, केवढ्या वजनाचं, सगळं सांगून होतं.

फोटो गोळा करताना एक खड्डा आहे. मुलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवतात आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा चोथा करतं. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावा. त्याहून बरं म्हणजे पेनड्राइव्हचा एक दिवस ठरवा. सगळे एकत्र येतील, फाइलला नाव तिथंच देतील: हजेरी क्रमांक, नाव, काम क्रमांक. कॅमेऱ्यानं दिलेल्या नावांच्या दीडशे फाइली रात्री एकट्यानं ओळखत बसलोय मी. तुमच्यावर ती पाळी नको.

वजनाचा हिशेब करून बघा. ३२ विद्यार्थी, प्रत्येकी ५ कामं, म्हणजे १६० फोटो. फोनमधला मूळ फोटो साधारण ५ एमबीचा धरला तर ८०० एमबी झाले. तेच फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल करून वेबपी किंवा जेपेगमध्ये २५० केबीपर्यंत आणले तर सगळं प्रदर्शन ४० एमबीत मावतं. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही. इरफानव्ह्यू नावाचं जुनं, छोटं सॉफ्टवेअर आहे. त्यात सगळे फोटो एकदम आकारात येतात. फाइलमधली रंगाची नोंद (कलर प्रोफाइल) एसआरजीबी, म्हणजे वेबवर नेहमी वापरतात तीच ठेवा, नाहीतर एका फोनवर केशरी आणि दुसऱ्यावर विटकरी दिसेल. मूळ फाइली मात्र फेकू नका. यादीच्या पानावर छोटे फोटो लागतात, ते ४० केबीच्या आसपास असावेत आणि वाचणारा खाली येईल तसे उघडावेत, सगळे एकदम नाही.

वॉटरमार्कचं विचाराल, म्हणून आधीच सांगतो: टाकू नका. चित्राच्या छातीवर महाविद्यालयाचं नाव आडवं लिहिलेलं बघवत नाही, आणि १६०० पिक्सेलच्या फोटोतून धड मोठी छपाई होत नाही.

मजकुराकडे येऊ. इथं दोन दुखणी आहेत, एक अक्षराचं आणि एक आशयाचं. अक्षराचं असं की कार्यालयात टाइप केलेला मजकूर अजून कृतिदेवमध्ये किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो तसाच वेबवर टाकला की अगम्य चिन्हांचा भुगा होतो. मग कुणीतरी हुशारी करतो आणि मजकुराचं चित्र करून टाकतो. ते तर मुळीच नको. चित्रातला मजकूर गूगलला नीट सापडत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोनही तो धड वाचून दाखवू शकत नाही. सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी लिहितो त्या पद्धतीत, पुन्हा टाइप करा. फोनवर बोलून टाइप केलं तर एका दुपारीत ३२ जणांचं होतं. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट आहेत. उपयोजित कलेचे सर म्हणून तुम्हाला 'ल' आणि 'श' खटकणारच: पुष्कळ फॉन्टांत ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली तर ज्या फॉन्टांत सोय आहे तिथं पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. तिरोच्या मराठी फॉन्टमध्ये ती अक्षरं मुळातच तशी आहेत. अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको, दोन ओळींतलं अंतर मोकळं ठेवा. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाचं अंतर दिलं की ते एकमेकांत अडकतात. फिक्या करड्या रंगात मजकूर लिहायची फॅशन आहे, ती सोडा. वेबचे सुलभतेचे नियम साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ एवढा फरक मागतात. आपल्याकडे मे महिन्यात बांधावर उभं राहून फोन बघणाऱ्याला तर त्याहून जास्त लागतो.

आशयाचं दुखणं जुनं आहे. मुलांना 'कामाविषयी लिहा' म्हटलं की सगळे एकच वाक्य लिहितात: "माझ्या चित्रांतून मी निसर्ग आणि मानव यांच्यातील अतूट नात्याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे." ३२ पानांवर ३२ अतूट नाती. त्यांना लिहायला लावूच नका. समोर बसवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, आणि विचारा: हे चित्र सुरू केलं त्या दिवशी काय झालं होतं? एका मुलाची पांढऱ्यावर पांढऱ्या रंगाची चित्रं होती आणि लिहिलं होतं वरचंच वाक्य. बोलता बोलता म्हणाला, "बाबा जिनिंगवर कामाला होते. घरी आले की भुवयांवर सरकी-रुईचा फुफाटा असायचा. लहानपणी मला वाटे, बाबा रोज म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतात." मी म्हटलं, बस, हेच टाकायचं, एक शब्द बदलू नको. नंतर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकानं चित्र पुन्हा वर जाऊन बघितलं असेल, असं मला वाटतं. ८०-१०० शब्द पुरेत. खाली चार ओळी इंग्रजीत, व्याकरण तपासून. बोली आली तर येऊ द्या. वऱ्हाडी सरळ करून पुस्तकी करायची काही गरज नाही.

विद्यार्थ्यांची यादी हजेरी क्रमांकानं लावू नका. आडनावाच्या अक्षरामुळे जी मुलं बालवाडीपासून शेवटी बसत आलीत ती इथंही तळाला जातात. कोड लिहिणारं कुणी असेल तर दर वेळी यादी पिसली जाईल अशी सोय करा. आणि गावाप्रमाणे शोधायची सोय तर नक्की द्या. शहरातल्या प्रदर्शनात ही कुणाला सुचणार नाही, पण आपल्याकडे माणूस पहिल्यांदा हेच बघतो: आपल्या गावचं कोण आहे? वणीचा माणूस वणीचं पोट्टं शोधतो, मग त्याच्या निमित्तानं आणखी चार पानं उघडतो.

मुख्य पानाबद्दल एक नाजूक गोष्ट. तिथं अध्यक्षांचा फोटो, सचिवांचा फोटो, प्राचार्यांचं मनोगत, प्रमुख पाहुण्यांचा शुभसंदेश आणि दीपप्रज्वलन येऊ पाहील. येणारच, संस्था त्यांची आहे. भांडू नका. 'महाविद्यालयाविषयी' असं एक वेगळं, नीटनेटकं पान करा, त्यात सगळ्यांना मानानं बसवा, फोटो चांगले काढा. मुख्य पानावर फक्त मुलांची कामं. मी हे सांगताना अध्यक्षांना एवढंच म्हणतो की साहेब, नोकरी देणारा माणूस आधी पोरांचं काम बघेल, मग विचारेल हे शिकवलं कुणी, आणि तेव्हा तुमचं पान उघडेल. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

संपर्काचं जपून करा. मुलींचे मोबाइल नंबर उघड्या पानावर टाकू नका, मुलांचेही नकोत. प्रत्येकाला नावाचा एक साधा ईमेल काढून द्या किंवा महाविद्यालयाच्या ईमेलवरून निरोप पुढं पाठवा. फोटो, नाव, गाव टाकण्याची लेखी संमती घ्या, आणि उद्या कुणी 'माझं पान काढा' म्हटलं तर काढू, असं त्यातच लिहा. मालकीबद्दल गैरसमज फार आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक सहसा ते काढणारा असतो. महाविद्यालयात काढलं म्हणून तो आपोआप महाविद्यालयाचा होत नाही. तुम्ही फक्त दाखवायची परवानगी घेताय. कलम ५७ प्रमाणे नाव लावून घेण्याचा हक्कही त्याचाच, तेव्हा कॅलेंडरवर चित्र छापायचं झालं तर पुन्हा विचारा आणि नाव टाका.

पान ठेवायचं कुठं? कोड लिहिणारं कुणीच नसेल तर गूगल साइट्स पुरे. एक नमुना पान करा आणि त्याच्या ३१ प्रती काढा. संगणकशास्त्र शिकणारा गावातला एखादा मुलगा हाताशी असेल तर साधी एचटीएमएलची पानं गिटहब पेजेसवर फुकट राहतात, मर्यादा १ जीबी, आपलं काम ४० एमबीचं. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबवरचा स्वतःचा पत्ता, घेतलंत तर ते महाविद्यालयाच्या ईमेलवर घ्या, शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या नाही. माझ्या हातून हे एकदा घडलंय: डोमेन एका विद्यार्थ्याच्या खात्यावर, तो नोकरीला बंगळुरूला गेला, नूतनीकरण राहिलं, आणि वर्षभरानं त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात. मुलांच्या बायोडाटात अजून तीच लिंक होती. पत्त्यात वर्ष टाका म्हणजे पुढची तुकडी आधीच्यांना पुसणार नाही. सगळं झालं की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानं जतन करा आणि एक प्रत हार्डडिस्कवर कपाटात ठेवा.

लिंक पाठवली की व्हॉट्सअ‍ॅपवर जे छोटं चित्र दिसतं ते प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं असू द्या. १२०० बाय ६३० पिक्सेल, वजनाला हलकं. तिथं महाविद्यालयाचं बोधचिन्ह दिसलं तर कुणी दाबत नाही. पोरीचं चित्र दिसलं तर दाबतात.

उद्घाटन मृगाच्या आधी उरकून घ्या. एकदा पेरणी लागली की तुमचं प्रदर्शन कुणी बघणार नाही आणि त्यांनी बघावं अशी अपेक्षाही करू नये. वेळ संध्याकाळी सातनंतरची. वाचलेल्या पैशांतून प्रत्येकाच्या एका कामाची ए-थ्री प्रत छापून, खाली क्यूआर कोड लावून, आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात लावा. क्यूआरचं माप साधं: दहा फुटांवरून स्कॅन करायचा असेल तर तो फूटभर हवा. फ्लेक्सवर नको, चमकतो. प्रोजेक्टर लावणार असाल तर पूर्ण प्रदर्शनाची प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवा. लाइन जाते तेव्हा वायफायही जातं, हे मी तुम्हाला काय सांगू. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा चित्रकार नंदलाल बोसांनी तिथल्याच बांबूतून आणि हाताशी असलेल्या सामानातून सगळी सजावट उभी केली होती. आपल्या शेजारच्या खानदेशातली गोष्ट आहे ही. बांबू तर आपल्याकडेही कमी नाही.

जाहीर करण्याआधी एक चाचणी. वर्गातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, एसटी स्टँडवर जा आणि कुठल्याही एका मुलाची लिंक उघडा. मनात दहा मोजेपर्यंत चित्र दिसलं नाही तर परत या आणि वजन कमी करा.

राहिली पऱ्हाट्यांची मुलगी. तुम्ही लिहिलंय की अवकाळी पावसानं ते कोसळलं, उरलेलं घरच्यांनी चुलीत घातलं, आणि तिच्याकडे तीन अस्पष्ट फोटो आणि वीस सेकंदांचा हलता व्हिडिओ आहे. ते फोटो मोठे करू नका, धार लावू नका. अर्ध्या पडद्याच्या मापात तिन्ही एकाखाली एक ठेवा. व्हिडिओ आवाज बंद करून, आपोआप सुरू न होणारा. तिला आठवणीतून एक रेखाटन करायला सांगा: किती पऱ्हाट्या, कशा बांधल्या, सुतळी कुठं, उंची किती, वारा कुठून येत होता. पान तेच तोलेल. मग तिच्या आईला विचारा, चुलीत घालताना काय वाटलं, आणि ते फोनवर रेकॉर्ड करा. चाळीस सेकंदांचा आवाज ६४ केबीपीएसला ३२० केबी होतो, एका फोटोपेक्षा थोडाच जास्त. मोजमापाच्या जागी शेतात उभं होतं तेव्हाची उंची लिहा, आणि माध्यमाच्या जागी: पऱ्हाट्या, सुतळी, अवकाळी पाऊस, चूल.